गलाईतला पारा, वडिलांचं बीपी आणि वीस सलाइनांचा सल्ला

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही विट्याजवळच्या गावचे. वडील ६१ वर्षांचे. २८ वर्षं तमिळनाडूत गलाईचा धंदा केला आणि दोन वर्षांपूर्वी दुकान तुमच्या भावाच्या हाती देऊन गावी परतले. सोनारांकडची धूळ आणायची, धुवायची, पाऱ्यात घोळवायची आणि भट्टीवर पारा उडवून सोनं मागे ठेवायचं, हे त्यांचं रोजचं काम. आता तीन गोळ्या चालू असूनही वरचं बीपी १६०-१७० च्या खाली येत नाही. मध्यंतरी छातीत दाटल्यासारखं झालं म्हणून अँजिओग्राफी केली, तर एका रक्तवाहिनीत ५० टक्के अडथळा निघाला. मग कोणीतरी सांगितलं, की पारा रक्तात भिनलाय, त्यानंच नसा खराब झाल्या. रक्तातला पारा तपासला तो ६ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आला. आता सलाइनमधून पारा ‘धुऊन काढायच्या’ २० बैठका सुचवल्यात आणि त्यासाठी दोन म्हशी विकायचं घरात घाटतंय.

म्हशी विकू नका. बाकीचं सगळं मी नीट समजावून सांगते, पण या एका गोष्टीसाठी तुम्हाला पूर्ण उत्तर वाचेपर्यंत थांबायला लावणं बरोबर नाही.

मी सांगलीत २३ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटावातून येणाऱ्या रुग्णांत गलाईवाल्यांची घरं बरीच असतात. दुष्काळानं शेती पिकेना म्हणून ही माणसं मूस, भट्टी आणि हातातलं कसब घेऊन देशभर गेली. गावातले बंगले, शाळांच्या खोल्या, देवळांचे जीर्णोद्धार त्या पैशातून झाले. म्हणून या धंद्याबद्दल बोलताना माझ्या मनात आधी आदर असतो. पण सणावाराला किंवा यात्रेला गावी आलेला माणूस ‘जरा तपासून घ्या’ म्हणून माझ्यासमोर बसतो, तेव्हा मी नाव-गावानंतर दोन प्रश्न विचारतेच: भट्टी कुठं आहे, आणि झोपता कुठं? बऱ्याचदा दोन्हींचं उत्तर एकच खोली असतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पाऱ्यानं हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना इजा होते का? तुमच्या वडिलांना झालीय का? आणि झाली असली तरी आज पारा काढून ती भरून येईल का? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि तिन्ही एकाच पिशवीत कोंबली, की माणूस घाबरून कशालाही ‘हो’ म्हणतो.

पहिला प्रश्न. पारा म्हणजे एकच वस्तू नाही. थर्मामीटरमधला चकचकीत पारा चुकून गिळला तर बहुतेक सगळा शौचावाटे निघून जातो. तोच पारा वाफ होऊन नाकातून आत गेला, की सुमारे ८० टक्के फुप्फुसांतून रक्तात उतरतो. पारा उकळतो ३५७ अंशांना, पण उडायला त्याला उकळावं लागत नाही. साध्या खोलीच्या तापमानालाही तो उडत राहतो, आणि त्या वाफेला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत उघडा पारा पडून राहिला तर तिथली हवा कामाच्या जागेसाठी सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या शेकडो पट खराब होऊ शकते. भट्टीवर तर आपण तो मुद्दाम उडवतो. तिसरा प्रकार माशांमधला, म्हणजे मिथाइल मर्क्युरी. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये जी माणसं आजारी पडल्याचं उघड झालं, ती या तिसऱ्या प्रकारानं. वडिलांचा संबंध वाफेशी आहे. मिनामाताच्या गोष्टी वाचून त्या त्यांना लावू नका.

शरीरात गेल्यावर पारा गंधकाला चिकटतो. आपल्या पेशींतल्या कितीतरी प्रथिनांमध्ये गंधकाचे हात असतात. पारा ते हात धरून बसला, की त्या प्रथिनाचं काम थांबतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे वाहिनी सैल राहते. पाऱ्यामुळे हा वायू कमी पडतो, वाहिनी आवळलेली राहते आणि बीपी चढतं. दुसरं असं, की अ‍ॅड्रिनलीनसारखी संप्रेरकं मोडून टाकणारी यंत्रणा पाऱ्यामुळे मंदावते. मग माणूस सतत घाबरल्यासारखा राहतो: घाम, धडधड, हात थरथरणं, चढलेलं बीपी. लहान मुलांत हे चित्र इतकं ठळक असतं, की अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ आहे असं वाटून भलत्याच तपासण्या होतात. तिसरा आणि माझ्या अनुभवात सगळ्यात महत्त्वाचा मार्ग मूत्रपिंडाचा. वाफेतून आलेला पारा शेवटी मूत्रपिंडात साठतो. तिथली चाळणी बिघडली, की लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, कोलेस्टेरॉल चढतं, बीपी चढतं, आणि पुढे हे सगळं हृदयावर येतं.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातला सव्विशीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. पाय सुजलेले, लघवीला फेस, बीपी १८०/११०. तोवर त्याला ‘टेन्शन घेऊ नको’ असं सांगून झोपेच्या गोळ्या दिलेल्या होत्या. मी विचारलं, काम काय? म्हणाला, गलाई. भट्टी दुकानामागच्या खोलीत, खिडकी रस्त्यावर धूर जातो म्हणून बंद, आणि रात्री तिथंच अंथरूण. लघवीतला पारा भरपूर आला. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तेव्हा चाळणीच्या पडद्याला सूज होती. त्या खोलीतून तो बाहेर पडला, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी उपचार केले आणि काही महिन्यांत लघवीतली प्रथिनं उतरली. त्याचं बीपी हृदयाच्या गोळ्यांनी नव्हे, खोली बदलल्यानं उतरलं असं मी आजही म्हणते. केरळात मलप्पुरम भागात मूत्रपिंडाची अशीच सूज गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यानं झाल्याचं २०२३ च्या सुमारास उघड झालं. भट्टी असो की क्रीम, मूत्रपिंडाला फरक कळत नाही.

आता हृदयविकाराचा झटका. इथं मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की पुरावा तितका सरळ नाही. पूर्व फिनलंडमध्ये कुओपिओ भागातल्या १,८३३ पुरुषांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या केसांत पारा जास्त, त्यांच्यात झटक्याचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य क्षेत्रातल्या हजारो स्त्री-पुरुषांच्या पायाच्या नखांतला पारा मोजला, तर असा काहीच संबंध दिसला नाही. दोन्ही अभ्यास माशांतल्या पाऱ्याचे आहेत, आणि माशांबरोबर हृदयाला चांगली मेदाम्लंही पोटात जातात, त्यामुळे हिशेब गुंतागुंतीचा होतो. फिनलंडच्या मातीत सेलेनियम कमी होतं, त्याचाही हात असावा असं मानतात. वाफेच्या पाऱ्याबद्दल आपल्याला खाणकामगारांकडे पाहावं लागतं. स्पेनमधल्या अल्मादेन, स्लोव्हेनियातल्या इद्रिया अशा जुन्या पाऱ्याच्या खाणींतल्या कामगारांत उच्च रक्तदाबाशी जोडलेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. म्हणजे बीपी आणि मूत्रपिंड हा दुवा भक्कम आहे. ‘पाऱ्यानं रक्तवाहिनीत चरबीचा अडथळा झाला’ हा दुवा कच्चा आहे. धातू आणि हृदयविकार यांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी २०१८ मध्ये झाली, तेव्हा आर्सेनिक, शिसं, कॅडमियम यांचा संबंध दिसला, पाऱ्याचा दिसला नाही. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं धातूंबद्दल जे निवेदन काढलं, त्यातही शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक हीच तीन नावं पुढे आहेत.

ही तीन नावं लक्षात ठेवा, कारण इथं तुमच्या प्रश्नाची दिशा बदलते. वडील फक्त सोन्याची धूळ करायचे, की चांदीही गाळायचे? चांदी शुद्ध करताना शिसं घालायची पद्धत आहे, आणि त्या भट्टीचा धूर म्हणजे शिशाचा धूर. जुने केडीएमचे दागिने वितळवले असतील, तर त्यांचे भाग जोडायला वापरलेल्या डाकात कॅडमियम होतं. पारा पाहुण्यासारखा असतो. शिसं हाडांत घर करतं आणि वीस-वीस वर्षं तिथून थोडं थोडं रक्तात झिरपतं. कॅडमियमही मूत्रपिंडात तितकंच मुरतं. बीपी चढवण्यात शिशाची जुनी ख्याती आहे. तरीही गलाईवाला समोर बसला, की सगळे पाऱ्याचीच चौकशी करतात, कारण पारा डोळ्यांना दिसतो आणि त्याच्याभोवती गोष्टी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गलाईवाल्याची मी शिशाची तपासणी आधी करते.

आता दुसरा प्रश्न, तुमच्या वडिलांचा. रक्तातला पारा ६. मासे खाणाऱ्या, भट्टी कधी पाहिलीही नसलेल्या माणसाच्या रक्तातही इतका पारा सापडतो. १० पर्यंतचा आकडा सर्वसाधारण धरतात. शिवाय रक्तातला पारा अलीकडची गोष्ट सांगतो, २८ वर्षांची नाही. वाफेतून शरीरात गेलेला पारा साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो. वडिलांना काम सोडून दोन वर्षं झाली, म्हणजे बारा वेळा निम्मा झाला. चार हजार रुपये होते असं धरलं, तर आज जेमतेम एक रुपया उरला. मेंदूत थोडा अंश जास्त काळ रेंगाळतो, पण ज्याच्यासाठी २० सलाइन लावायची, तो साठाच आता शरीरात नाही. मग तो ६ आला कुठून? त्याकडे येते, कारण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी दोन गोष्टी सहज लिहून गेलात आणि मला त्या सगळ्यात मोलाच्या वाटल्या.

पारा निघून गेला म्हणजे त्यानं केलेली इजा गेली असं मात्र नाही, आणि इथं परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. मूत्रपिंडावर वण राहिला असेल तर तो बीपी चढवत राहतो. म्हणून आधी साध्या तपासण्या करा: लघवीची नेहमीची तपासणी, लघवीतल्या प्रथिनांचं क्रिअ‍ॅटिनिनशी प्रमाण, रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन, पोटॅशियम, साखर आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी. या सगळ्याला एका सलाइनच्या बैठकीइतकेही पैसे लागणार नाहीत. लघवीत प्रथिनं नसतील, क्रिअ‍ॅटिनिन ठीक असेल, तर पाऱ्यानं बीपी वाढवायचा जो मुख्य रस्ता, तो वडिलांच्या बाबतीत बंद आहे असं समजा. त्यासोबत रक्तातलं शिसं तपासा. ते डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर शिसं अजून कुठून येतंय ते शोधावं लागेल. पाऱ्यासाठी पुन्हा रक्त देऊ नका. वाफेचा पारा लघवीत पाहतात, क्रिअ‍ॅटिनिनच्या हिशेबात, आणि सकाळचा पहिला नमुना चालतो. एक पथ्य पाळा. कोणी आधी गोळी देऊन मग लघवी तपासू म्हणालं, तर नको म्हणा. त्या गोळीनं कुणाच्याही शरीरातला थोडाफार धातू लघवीत येतो आणि आकडा फुगतो, मग तो साध्या माणसांच्या आकड्यांशी ताडून ‘विषबाधा’ म्हणतात. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनेनं अशा चाचणीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे.

मग बीपी का उतरत नाही? तुम्ही लिहिलंय, की वडील दिवसातून आठ-दहा वेळा तंबाखू मळतात. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी रोज एक घेतात. जेवणात खर्डा, लोणचं, पापड लागतोच. आणि रात्री घोरतात ते शेजारच्या खोलीत ऐकू येतं. यातली गुडघ्याची गोळी मला सगळ्यात आधी थांबवावीशी वाटते. डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या बीपी चढवतात, बीपीच्या गोळ्यांचा परिणाम मारतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. मीठ आणि घोरणं या दोन्ही गोष्टी तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागे वारंवार सापडतात. तंबाखूबद्दल मी नव्यानं काय सांगणार, पण त्या ५० टक्के अडथळ्याचं कारण शोधायचं असेल तर वय, बीपी, तंबाखू, साखर आणि कोलेस्टेरॉल ही पाच कारणं पाऱ्याच्या कितीतरी पुढे उभी आहेत. घरी एक डिजिटल बीपीचं यंत्र घ्या. दंडावर लावायचं, मनगटावरचं नको. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, बसून, पाच मिनिटं शांत राहून, सात दिवस आकडे वहीत लिहा. माझ्याकडे येणाऱ्या तीन गोळ्यांच्या रुग्णांत काही जण गोळ्या चुकवत असतात, काहींना फक्त दवाखान्यात आल्यावरच बीपी चढतं. ही वही नसेल तर पुढचा निर्णय अंधारात होतो.

असा अडथळा सहसा औषधांवर सांभाळतात. वरचं बीपी १० नं उतरवलं, तरी हृदय आणि मेंदूच्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी होतात, हे लाखो रुग्णांच्या चाचण्यांमधून पक्कं झालेलं आहे. खराब कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणायचं, तुमचे हृदयरोगतज्ज्ञ कदाचित ५५ सांगतील. चालू असलेली कोणतीही गोळी माझं वाचून बंद करू नका, अपवाद त्या गुडघ्याच्या गोळीचा, आणि तिच्याऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

तिसरा प्रश्न, सलाइनचा. किलेशन, म्हणजे औषधानं शरीरातला धातू धरून बाहेर काढणं, हे खोटं शास्त्र नाही. शरीरात आजच भरपूर पारा आहे, लक्षणं आहेत, मूत्रपिंड किंवा मेंदू अडचणीत आहे, अशा रुग्णाला डीएमएसएसारखी औषधं रुग्णालयात, नजरेखाली देतात. पण तुम्हाला सुचवलेली सलाइन ईडीटीए या धातू धरणाऱ्या दुसऱ्याच औषधाची आहे, असं तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात लिहिलंय. ईडीटीए पाऱ्यासाठी वापरतच नाहीत. त्याची खरी मोठी परीक्षा हृदयरोग्यांतच झाली. २०१३ मध्ये झटका येऊन गेलेल्या १,७०८ रुग्णांवरच्या चाचणीत थोडा फायदा दिसला, मुख्यतः मधुमेहींत. तो खरा आहे का हे पाहायला मधुमेह असलेल्या एक हजार रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. दर आठवड्याला एक अशा ४० सलाइन. २०२४ मध्ये निकाल आला. रक्तातलं शिसं निम्म्याहून खाली गेलं, पण झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय ईडीटीएचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची नावं सारखीच वाटतात. त्यातला चुकीचा दिला तर रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा सलाइननंतर तीन माणसं दगावल्याची नोंद आहे, त्यातली दोन मुलं होती. शरीरातून आधीच गेलेल्या पाऱ्यासाठी, पाऱ्याचं नसलेलं औषध, म्हशी विकून घेणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं आहे.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: वडिलांच्या अंगात आज काढण्याजोगा पारा नाही. मूत्रपिंड, शिसं, गुडघ्याची गोळी, मीठ, तंबाखू आणि झोप या क्रमानं शोध घ्या, आणि बीपीची वही घेऊन फिजिशियनकडे जा.

आता त्या दोन गोष्टी. तुम्ही लिहिलंय, की वडील गेली दोन वर्षं ‘ताकदीची पुडी’ घेतात, ती लाल रंगाची आहे आणि कागदावर काही लिहिलेलं नाही. रससिंदूर, मकरध्वज यांसारख्या लाल औषधांत पारा असतो, कज्जली (पारा-गंधक घोटून केलेली पूड) घातलेल्या अनेक औषधांत असतो. आयुर्वेदात पारा गंधकासोबत घोटून, बांधून वापरतात आणि तो वाफेइतका शरीरात शिरत नाही, हे खरं आहे. मी वैद्यांवर राग धरणाऱ्यांतली नाही. पण पारा असलेल्या देशी औषधांनंतर मूत्रपिंडाच्या त्याच पडद्याला सूज आल्याचे रुग्ण वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेत, आणि तुमच्या पुडीवर तर बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक नाहीत, मात्रा नाही. बीपी आणि मूत्रपिंडाचा छडा लागेपर्यंत ती बंद ठेवा आणि उरलेल्या पुड्या फेकू नका, तपासणीला येताना सोबत आणा. रक्तातल्या ६ मध्ये हिचा वाटा असू शकतो.

माशांचं विचारलंत म्हणून सांगते. कृष्णेतला किंवा तळ्यातला रोहू-कटला, बाजारात येणारा बांगडा, तारली यांत पारा कमी असतो, ते वडिलांच्या हृदयाला चांगलेच आहेत. मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे क्वचित खा. दाढेत भरलेली जुनी चांदी (तिच्यात पारा असतो) काढायच्या फंदात पडू नका, ती खोदतानाच जास्त वाफ होते.

दुसरी गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलीय: ‘भाऊ आता तिथंच तेच काम करतो, वहिनी आणि चार वर्षांची पुतणी दुकानाच्या माळ्यावर राहतात.’ तुमच्या घरात पाऱ्याचा धोका आज कुठं आहे, असं मला विचाराल तर तो या अर्ध्या ओळीत आहे. वडिलांच्या अंगातून पारा उतरून गेला, भावाच्या अंगात तो रोज भरतोय. खाली भट्टीवर उडालेला पारा वर माळ्यावर जातो, थंड भिंतीवर, गादीवर, कपड्यांवर बसतो आणि तिथून पुन्हा उडतो. लहान मूल वजनाच्या मानानं जास्त श्वास घेतं, जमिनीवर खेळतं, आणि बोटं तोंडात घालतं. पाऱ्याची वाफ वारेतून गर्भापर्यंतही जाते, म्हणून वहिनींना दिवस असतील किंवा तसा विचार असेल, तर हे आणखी तातडीचं आहे.

भावाला सांगा, आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी नाही, तर त्याच्या दुसऱ्या सकाळी घरी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, दुकानाबाहेर लघवीचा नमुना द्यायचा. पारा आणि क्रिअ‍ॅटिनिन दोन्ही मागायचं, सोबत लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं शिसं. क्रिअ‍ॅटिनिनच्या एका ग्रॅममागे पारा २० मायक्रोग्रॅमच्या वर आला तर काम करायची पद्धत बदलायलाच हवी, ५० च्या पुढे गेला तर काम थांबवून डॉक्टर गाठायचा. वहिनींची आणि मुलीचीही हीच तपासणी करायची. मुलगी चिडचिडी झालीय का, खूप घाम येतो का, हात-पाय गुलाबी होऊन खाजतात किंवा सोलतात का, भूक मेलीय का, हे वहिनींना फोनवर विचारा. यातलं काही असेल तर रिपोर्टची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि तिथं बीपी मोजायला सांगा. लहान मुलाचं बीपी सहसा कोणी मोजत नाही. आणि ‘घरात पारा जाळतात’ हे शब्द डॉक्टरांसमोर स्पष्ट उच्चारा, कारण ते आपणहून त्यांच्या मनात येणार नाहीत.

रिपोर्ट येईपर्यंतही एक काम थांबू शकत नाही. बायको-मुलीला त्या माळ्यावरून हलवायचं, चार गल्ल्या पलीकडे भाड्याची खोली मिळाली तरी चालेल. कामाचे कपडे-चपला दुकानातच ठेवायच्या, घरच्या कपड्यांत धुवायच्या नाहीत. पारा उडवायचाच असेल तर उघड्या मुशीत नाही, नळी पाण्यात सोडलेल्या बंद भांड्यात, म्हणजे वाफ पुन्हा पारा होऊन हाती लागते. उघड्यावर उडवण्यापेक्षा त्यात पाराही वाचतो, आणि धंदेवाल्या माणसाला ही भाषा लवकर कळते. सगळ्यात चांगलं म्हणजे धुळीचं काम बिनपाऱ्याच्या पद्धतीनं करणाऱ्याकडे देणं. पारा सांडला तर केरसुणी लावायची नाही, व्हॅक्युमही नाही. दारं-खिडक्या उघडून, जाड कागदानं थेंब गोळा करायचे, बारीक थेंब चिकटपट्टीनं उचलायचे, उरलेल्या फटींत गंधकाची पूड टाकायची आणि सगळं झाकणाच्या बाटलीत बंद करायचं. माझ्या दवाखान्यात पूर्वी पाऱ्याचं बीपीयंत्र फुटलं होतं, तेव्हा मावशींनी ते केरसुणीनं झाडलं आणि थेंब खोलीभर पसरले. मी डॉक्टर असून त्यांना आधी शिकवलं नव्हतं. त्या आठवड्यात मी पाऱ्याची सगळी यंत्रं दवाखान्यातून काढली.

भाऊ म्हणेल, अण्णांनी २८ वर्षं हेच केलं, त्यांना काय झालं. त्याच्याशी वाद घालू नका. अण्णांनाच फोन हातात द्या. ज्यांनी ती भट्टी चालवली त्यांनी ‘पोरीला तिथून हलव’ म्हटलं, तर तो ऐकेल. वडिलांची बीपीची वही सात दिवसांनी पाठवाल तेव्हा भावाच्या आणि पुतणीच्या लघवीचे आकडेही त्याच संदेशात पाठवा. मी आधी ते बघेन.